विट, वॉट, विस्ट : इंग्रजीतलं एक मेलेलं क्रियापद आणि आपलं ‘विद्महे’

रानजाई

गणपतीच्या दिवसांत जे क्रियापद महाराष्ट्रात घराघरांत म्हटलं जातं, त्याचं सख्खं चुलत भावंड इंग्लंडमध्ये चारेकशे वर्षांपूर्वी वारलं. ‘एकदन्ताय विद्महे, वक्रतुण्डाय धीमहि’ यातलं विद्महे म्हणजे ‘आम्ही जाणतो’. धातू विद्. इंग्रजीतलं भावंड म्हणजे विट. आज विट म्हटलं की हजरजबाबीपणा आठवतो, पण ते नाम झालं. हजार वर्षांपूर्वी ते चांगलं धडधाकट क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ होता ‘माहीत असणे’.

साधारण इ.स. ११०० पर्यंतच्या भाषेला जुनी इंग्रजी म्हणतात. तिच्यात मूळ रूप विटन. ते असं चालायचं : मी ‘वाट’, तू ‘वास्ट’, तो ‘वाट’, आम्ही ‘विटॉन’. आता संस्कृत घ्या : अहं वेद, त्वं वेत्थ, स वेद, वयं विद्म. तिकडे एकवचनात ‘वा’ आणि अनेकवचनात ‘वि’, इकडे एकवचनात ‘वे’ आणि अनेकवचनात ‘वि’. ग्रीकमध्ये एकवचन ओइदा, अनेकवचन इद्मेन. स्वर नेमका त्याच जागी बदलतो. द च्या जागी ट आला तो याकोब ग्रिमने १८२२ साली मांडलेल्या नियमाने (हो, परीकथावाल्या भावांपैकी थोरला). दश–टेन, द्वौ–टू, पाद–फुट, अद्–ईट, सद्–सिट, तसंच वेद–वाट.

माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. हे ‘वेद’ रूपाने भूतकाळ आहे, लिट् (परोक्ष भूतकाळ). ‘चकार’, ‘जगाम’ ज्या गटातले, त्याच गटातलं. या धातूचा सर्वांत जुना अर्थ ‘पाहणे’ असा असावा. लॅटिनमधलं विदेओ अजून ‘मी पाहतो’ असंच सांगतं. ‘मी पाहिलेलं आहे’ याचा अर्थ ‘मला माहीत आहे’ असा झाला आणि रूप भूतकाळी, अर्थ वर्तमानकाळी अशी जोडी कायमची जमली. पाणिनीच्या नजरेतूनही हे सुटलेलं नाही : ‘विदो लटो वा’ (३.४.८३). म्हणजे विद् ला वर्तमानकाळातही लिट्चे प्रत्यय लागू शकतात. ‘वेत्ति’ म्हणा किंवा ‘वेद’ म्हणा. अथर्वशीर्षाच्या शेवटी ‘स सर्वविद् भवति, य एवं वेद’ येतं, तिथला वेद म्हणजे चार वेदांतला नव्हे. ‘जो हे असं जाणतो’ असं ते क्रियापद आहे.

इंग्रजीतही अगदी हेच झालं, म्हणून ‘तो’ ला वर्तमानकाळाचा नेहमीचा प्रत्यय लागत नसे. कॅन, मे, शॅल ही क्रियापदं याच पठडीतली. पाचवीतल्या मुलांना आपण ‘ही कॅन्स’ असं लिहू नका म्हणून सांगतो, कारण मात्र कुणी सांगत नाही. कारण एवढंच की ती मुळात भूतकाळाची रूपं आहेत, आणि भूतकाळात ‘तो’ ला एस लागतच नाही.

मग हे क्रियापद मेलं कसं? जुन्या इंग्रजीत ‘जाणणे’ या घरात तिघं होते. एखादी गोष्ट, बातमी माहीत असणं म्हणजे विटन. माणूस परिचयाचा असणं किंवा विद्या अवगत असणं म्हणजे कुन्नन. ओळख पटणं म्हणजे क्नावन, तेही बहुधा उपसर्ग लावून. मराठी माणसाला हा भेद समजावून सांगायला नको. ‘मला त्यांचा पत्ता माहीत आहे’, ‘मी त्यांना ओळखते’, ‘मला पोहता येतं’ ही तीन वाक्यं आपण तीन तऱ्हांनी बोलतो. इंग्रजीत कुन्ननचं कॅन झालं आणि ते दुसऱ्या क्रियापदांच्या दिमतीला गेलं. क्नावनचं नो झालं आणि त्याने विटनची सगळी इस्टेट लाटली. आता पत्ताही ‘नो’ आणि माणूसही ‘नो’.

चौदाव्या शतकाच्या शेवटी कवी चॉसरच्या लिखाणात वॉट (जुन्या ‘वाट’चं पुढचं रूप) आणि विस्ट (त्याचा भूतकाळ, ‘माहीत होतं’) सर्रास दिसतात. १६११ च्या राजा जेम्सच्या बायबलमध्येही आहेत, पण तिथे जुनाट वास येऊ लागलेला. वाळवंटात सकाळी आकाशातून पडलेला मान्ना (देवाने पाठवलेलं अन्न) बघून लोक बुचकळ्यात पडतात, ‘फॉर दे विस्ट नॉट व्हॉट इट वॉज’. प्रेषित पॉल म्हणतो, ‘आय विस्ट नॉट, ब्रेदरेन, दॅट ही वॉज द हाय प्रीस्ट’, म्हणजे ‘बंधूंनो, हा मुख्य याजक आहे हे मला माहीत नव्हतं’. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर ‘वी डू यू टु विट’ असा प्रयोग आहे, म्हणजे ‘आम्ही तुम्हांला कळवतो’. आजच्या इंग्रजाला हे वाक्य लागत नाही.

आज उरलंय काय, तर कायद्याच्या भाषेतलं ‘टु विट’ (म्हणजेच), ‘अनविटिंगली’ (नकळत) आणि विटनेस (साक्षीदार). विटनेसवर मला बरंच बोलायचंय, पण आधी तुमचं ऐकते.

कुरमुरे

‘वाट’ म्हणजे ‘मला माहीत आहे’!! आणि आपल्याकडे माहीत नसलं की वाट लागते.

लेख झकास. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). एक शंका : दुसऱ्या महायुद्धातली ती इंग्रजी भिंतीवरची चित्रं आठवतात का? भिंतीवरून डोकावणारं टक्कल, लांब नाक, आणि खाली ‘वॉट, नो शुगर?’ त्यातला वॉट हाच का?

रानजाई

नाही, तो चॅड. रेशनच्या काळातला. त्याचा वॉट म्हणजे ‘व्हॉट’चंच बोलीतलं स्पेलिंग. आपला वॉट पाहायचा असेल तर हॅम्लेटमध्ये ‘अ‍ॅज बाय लॉट, गॉड वॉट’ आहे. गॉड वॉट म्हणजे ‘देव जाणे’.

संकासुर

मी नेहमीप्रमाणे विरोधी बाकावर. इंग्रजी शब्द घ्यायचा, ओढूनताणून संस्कृतशी जोडायचा, हे उद्योग व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी चालतात. विट आणि विद् दोन अक्षरांनी जुळले म्हणून भावंडं? मग विदूषक पण त्यातलाच म्हणा, तो तर विटी असतोच. विनोद आणा. विधवा–विडो आणा. कुठे थांबायचं याचा काही नियम आहे की नाही?

काटेकोर

संकासुर, प्रश्न रास्त आहे. नियम आहे, आणि तुम्ही दिलेली उदाहरणंच तो दाखवायला उपयोगी पडतील.

विदूषक हा वि + दूष्. दूषणं देणारा, टवाळी करणारा. विद् चा काही संबंध नाही. विनोद हा वि + नुद्, मूळ अर्थ मनावरचं काही दूर सारणं. दोन्ही बाद.

विधवा आणि विडो यांचं नातं मात्र खरं आहे, लॅटिन विदुआही त्यातलीच. पण शब्द वेगळा. तिथे संस्कृत ध समोर इंग्रजी ड आहे, आणि ग्रिमच्या नियमाप्रमाणे तसंच व्हायला हवं. विद् मध्ये द आहे, म्हणून समोर ट. विडो जर ‘विटो’ असती तर आपण संशय घेतला असता.

पण मुळात नातं अक्षरं जुळल्याने ठरत नाही, ते चालवण्याच्या पद्धतीवरून ठरतं. शब्द उसना घेता येतो, अख्खं अनियमित रूपावळीचं पान सहसा कुणी उसनं घेत नाही. रानजाईंनी स्वरबदल दाखवलाच आहे. मी त्यात एक भर घालतो. मध्यम पुरुष एकवचन पाहा : वेत्थ आणि वास्ट. संस्कृत लिट्मध्ये ‘तू’ला थ लागतो. जुन्या इंग्रजीत साध्या बलवान (स्वर बदलून भूतकाळ करणाऱ्या) क्रियापदांच्या भूतकाळात हा प्रत्यय गळाला आणि त्याजागी ‘ए’ आला. टिकला तो फक्त या भूत-वर्तमानी गटात. दहा आज्ञांमधलं ‘दाउ शॅल्ट नॉट किल’ सगळ्यांना माहीत आहे. त्या शॅल्टच्या शेवटचा ट आणि ‘वेत्थ’मधला थ एकच प्रत्यय आहे.

अवांतर : विद्महे हे आत्मनेपदी रूप, आणि या अर्थाचा विद् एरवी परस्मैपदी, त्यामुळे कुणीतरी हटकणारच. विटॉनशी तुलना विद्म शी करायची. धातू तोच.

संकासुर

शॅल्टचा मुद्दा आवडला. बाकी तलवार म्यान केलेली नाही.

दस्तऐवज

मी दस्त लिहिण्याच्या धंद्यात आहे, म्हणून हे क्रियापद मेलं हे मला पटत नाही. माझ्या टेबलावर ते रोज येतं.

मुंबईत फ्लॅट घेतलेल्यांनी आपला इंग्रजी करारनामा काढून बघावा. सुरुवातीची दोन-तीन पानं ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘अँड व्हेअरअ‍ॅज’ चालतात. मग मोठ्या अक्षरांत येतं : ‘नाऊ धिस अ‍ॅग्रीमेंट विटनेसेथ’. बऱ्याच पक्षकारांना वाटतं की इथे साक्षीदारांचं काहीतरी आहे. काही नाही. करारनामा हा कर्ता, आणि तो साक्ष देतो की पुढीलप्रमाणे ठरलं. क्रियापदाला शेवटी ‘एथ’, जो बोलण्यातून सतराव्या शतकातच गेला. शेवटच्या पानावर ‘इन विटनेस व्हेअरऑफ’. इथेही विटनेस म्हणजे माणूस नव्हे, ‘याची साक्ष म्हणून’. त्याच्या खाली दोन ओळी सोडून सह्यांपाशी ‘विटनेसेस’ असतं आणि तिथे मात्र माणसं. एकाच पानावर एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि सही करणाऱ्याला पत्ता नाही.

मराठी दस्तात हा घोळ नाही. लिहून देणार, लिहून घेणार, शेवटी ‘सबब हे खरेदीखत लिहून दिले असे’, आणि खाली साक्षीदार.

‘टु विट’ हे ‘दॅट इज टु विट’चं तुटलेलं शेपूट आहे. इंग्लंडच्या कोर्टात फ्रेंच चालायची तेव्हा वकील ‘से आसाव्हार’ अशा धाटणीचं लिहीत, म्हणजे ‘हे जाणून घ्यायचं आहे की’. त्याचं शब्दशः इंग्रजी झालं. सरकारी परिपत्रकात जे ‘व्हिज’ येतं, तेही तिथलंच. लॅटिन विदेलिसेट, म्हणजे ‘पाहता येतं’. शेवटचा झेड म्हणजे लेखनिकांची शब्द तोडल्याची खूण, झेडसारखी दिसायची. म्हणजे ‘टु विट’ आणि ‘व्हिज’ दोन्ही अर्थाने एक आणि धातूनेही एकच निघाले. मसुद्यात दोन्ही एकत्र वापरणारे महाभाग मी पाहिले आहेत.

रानजाई

दस्तऐवज, माझं अर्धं काम तुम्ही केलंत!

विटनेस हा मूळचा विट + नेस. नेस हा भाववाचक प्रत्यय, काइंडनेस, गुडनेसमधला. म्हणून पहिला अर्थ ‘जाण, माहिती’. माहीत असलेलं चारचौघांत सांगितलं की ती साक्ष. आणि साक्ष देणाऱ्यालाही तोच शब्द चिकटला. नेस-अंती शब्दाने हाडामासाचा माणूस दाखवायचा हे इंग्रजीत विचित्रच आहे, पण कुणाला खटकत नाही. आपल्याकडे प्रवास उलटा झाला. संस्कृतात साक्षी म्हणजे माणूस, ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तो. त्यातून मराठीत ‘साक्ष’ हे काम वेगळं काढलं आणि मग माणसासाठी पुन्हा फारसी ‘दार’ लावून साक्षीदार केला.

आणि हिस्टरी? ग्रीक ‘हिस्टोर’ म्हणजे जाणता, पंच, साक्षीदार. तोही याच धातूचा. त्याच्या चौकशीला हिस्टोरिया म्हणू लागले.

म्युनिकर

इथे जर्मनीत विसन ठणठणीत जिवंत आहे. इश वाइस, दू वाइस्ट, एर वाइस. बाकी बहुतेक क्रियापदांना ‘तो’ला ट लागतो, एर माख्ट, एर गेट. वाइसला लागत नाही. इथे शिकायला आलो तेव्हा वर्गात कुणी कारण सांगितलं नव्हतं, ‘पाठ करा’ एवढंच. ते आज कळलं.

गेविसन म्हणजे सदसद्विवेकबुद्धी. इंग्रजीतही असा शब्द होता ना, इनविट? नंतर लॅटिनमधून आलेल्या कॉन्शन्सने त्याला घालवलं.

रानजाई

होता. १३४० साली कँटरबरीच्या एका साधूने, नॉर्थगेटच्या डॅन मायकेलने, फ्रेंचमधून भाषांतरलेल्या पुस्तकाचं नावच ‘आयेनबाइट ऑफ इनविट’. आयेनबाइट म्हणजे ‘परत चावणं’. लॅटिन ‘रिमोर्स’चा फोड करून केलेला देशी शब्द. विवेकाचा परतून चावा, म्हणजे पश्चात्ताप. चालला नाही. मला मात्र रिमोर्सपेक्षा शंभर पटींनी आवडतो.

नेणता

माझ्या नावामुळे मला लिहिणं भाग आहे.

जुन्या इंग्रजीत नकार ‘ने’ क्रियापदाच्या आधी यायचा आणि काही क्रियापदांना चिकटून एकजीव व्हायचा. ने + इज = निस. ने + वोल्डे = नोल्डे. ने + वाट = नाट, म्हणजे ‘मला माहीत नाही’. चॉसरमध्ये हेच नॉट झालं. कँटरबरीच्या वाटेवरल्या व्यापाऱ्याचं सगळं वर्णन करून झाल्यावर तो शेवटी म्हणतो, याला काय म्हणतात ते काही आपल्याला ठाऊक नाही, ‘आय नॉट हाउ मेन हिम कॉल’. (आजच्या नकारार्थी नॉटशी याचा संबंध नाही, तो वेगळा.)

आता मराठी. न + असणे = नसणे. न + जाणणे = नेणणे! ज्ञानेश्वरीपासून तुकोबांपर्यंत ‘नेणे’, ‘नेणती’, ‘नेणोनि’ हवं तितकं सापडेल. ‘मी नेणे’ आणि ‘इच् नाट’ यांची घडण तंतोतंत एक. इंग्रजीतून नाट पार गेला, आपल्याकडे ‘नेणे’ बोलण्यातून गेलं, पण ‘जाणते-नेणते’, ‘नेणतं वय’ राहिलं. आणि मानसशास्त्रावर मराठीत लिहिणाऱ्यांनी अनकॉन्शससाठी ‘नेणीव’ शब्द उचलला, तेव्हा सातशे वर्षांपूर्वीचं क्रियापद पुन्हा कामाला लागलं. इंग्रजांना हे साधलं नाही.

अजून एक. जुन्या इंग्रजीत ‘नाटहविल्च’ असं सर्वनाम होतं, ‘ने वाट’ + ‘कोणता’. कोणता ते मला माहीत नाही, म्हणजे ‘कुणीतरी’. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात आहे. आपलं ‘कोण जाणे’ त्याच जातीचं, फक्त ते सर्वनाम झालं नाही.

रानजाई

नेणता, यावर वेगळा धागा काढा. मी विनंती करत नाहीये, मागणी करतेय.

पेठकर

इंग्रजी मला बेताचं. पण विद् आपल्याकडे कुठे कुठे पोचला तेही कुणी लिहावं म्हणून हा प्रतिसाद.

विद्या, विद्वान, विदित, वैद्य हे उघड आहेत. वेदना बघा. वेदना म्हणजे मुळात जाणीव, मग ती सुखाची असो वा दुःखाची. बौद्ध ग्रंथांत वेदना सुखदही असते. मराठीत फक्त दुखणं उरलं. जाणीव या अर्थाने शब्द हवा झाला तेव्हा आपल्याला ‘संवेदना’ लागली.

रानजाईंनी ‘डू यू टु विट’ सांगितलं, ‘तुम्हांला जाणवून देतो’. संस्कृतात हे प्रयोजक रूपाने होतं, वेदयति. त्याला नि लावला की निवेदन. आकाशवाणीवरचे निवेदक तेच करतात. आणि देवापुढे जे निवेदन करायचं, अर्पण करायचं ते निवेद्य, त्याचं नैवेद्य. म्हणजे गणपतीपुढे आधी विद्महे म्हणायचं आणि मग मोदकांचा नैवेद्य दाखवायचा, दोन्हीकडे धातू एकच.

कुरमुरे

काका, उकडीच्या मोदकाला इंग्रजी व्याकरण लागू केल्याबद्दल तुमचा जाहीर सत्कार केला पाहिजे.

संकासुर

ठीक. भावंडं मान्य. आता मला सांगा, ‘माहीत असणे’ वरून विनोदापर्यंत गाडी कशी आली? वेदना झाली ती दुखायला लागली, विट झाला तो हसवायला लागला. हा फरक का?

रानजाई

नाम म्हणून विट हा मुळात ‘मन, बुद्धी, शुद्ध’. त्या अर्थाचे अवशेष अजून आहेत. ‘अ‍ॅट वन्स विट्स एंड’ म्हणजे अक्कल संपली, पुढे काही सुचेना. राजा जेम्सच्या बायबलात १०७ व्या स्तोत्रात वादळात सापडलेल्या खलाशांची अशी गत होते. पंचेंद्रियांनाही ‘फाइव्ह विट्स’ म्हणत. पुढे इंद्रियं वेगळी आणि मनाच्या शक्ती वेगळ्या असा फरक करू लागले. शेक्सपिअरच्या १४१ व्या सुनीतात ‘माय फाइव्ह विट्स नॉर माय फाइव्ह सेन्सेस’ अशी दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

सतराव्या शतकात लंडनच्या कॉफीहाउसांत आणि नाटकघरांत बुद्धी दाखवायची जागा म्हणजे बोलणं. मग विट म्हणजे चमकदार बोलणारी बुद्धी, आणि तशा बोलणाऱ्या माणसालाही ‘अ विट’. कवी-नाटककार ड्रायडनने १६७७ साली विटिसिझम हा शब्द स्वतः बनवला आणि ‘नवा शब्द आहे, माफ करा’ असंही म्हणून ठेवलं. १७११ मध्ये कवी अलेक्झांडर पोप म्हणतो, खरा विट म्हणजे अनेकांच्या मनात आलेलं पण इतक्या नेटकेपणी कधी न मांडलेलं. यात हसणं कुठेच नाही. ते नंतर वरचढ झालं. विटीचंही तसंच, जुन्या इंग्रजीत ‘विटिग’ म्हणजे शहाणा.

‘का’ याचं उत्तर माझ्याकडे एवढंच : नावाला क्रियापदाचा लगाम राहिला नव्हता. ‘मी वॉट’ म्हणणारे संपले, मग ‘विट म्हणजे जाणणं’ याची आठवण करून देणारंच कुणी उरलं नाही. वाइज आणि विझडम त्यामानाने जागचे हलले नाहीत, आणि त्यामुळे माझ्या या उत्तरावर कुणीतरी आक्षेप घेईल. घ्या.

काटेकोर

घेतो. वाइज आणि विझडमला धर्मग्रंथांनी धरून ठेवलं, बायबलातल्या शहाण्या राजा सॉलोमनचं नाव त्यांच्याशी बांधलेलं होतं. विटला असा आधार नव्हता. पण तुमच्या मूळ मुद्द्यात तथ्य आहे, आणि त्याला पुरावा आहे तो चुकीच्या रूपांचा. क्रियापद लोकांच्या तोंडून जायला लागलं की लिहिणारे ते भलतंच चालवायला लागतात.

पहिलं उदाहरण बायबलातलंच. उत्पत्तीच्या ३९ व्या अध्यायात जोसेफ मालकिणीला सांगतो, ‘माय मास्टर वॉटेथ नॉट’. वॉटेथ! जुन्या इंग्रजीत ‘हे वाट’च असतं, ‘एथ’ लागतच नाही. कुणीतरी वॉटला साधं वर्तमानकाळी क्रियापद समजून प्रत्यय चढवला. उद्या कुणी ‘ही कॅन्स’ म्हटलं तर जसं होईल तसं.

दुसरं याहून भारी. जुन्या इंग्रजीत ‘गेविस’ म्हणजे ‘नक्की, खरोखर’. म्युनिकरांच्या जर्मनमधलं गेविस तेच. मध्ययुगात त्याचं ‘इविस’ झालं, आणि लेखनिक ते कधी कधी तोडून ‘आय विस’ असं लिहीत. मर्चंट ऑफ व्हेनिसमध्ये चंदेरी पेटीतल्या चिठ्ठीत ‘देअर बी फूल्स अलाइव्ह, आय विस’ आहे. पुढच्या कवींनी हे ‘मी विस’ असं वाचलं आणि ‘विस’ नावाचं, ‘जाणणे’ अर्थाचं क्रियापद आहे असं धरून चालले. जे कधी अस्तित्वातच नव्हतं असं क्रियापद पुराण्या ढंगाच्या कवितांत फिरत राहिलं.

तांबडी माती

‘नो’ची बाजू कुणीच घेत नाहीये म्हणून मी घेते. बिचाऱ्याला सगळे इस्टेट लाटणारा म्हणताय. तोही आपलाच आहे की! क्नावन आणि ज्ञा. स्पेलिंगमधला के उगाच नाही, सतराव्या शतकापर्यंत ‘क्नो’ असाच उच्चार होता. ग्रिमच्या नियमाने ज/ग समोर क यायला हवा, तसा आहे. त्यांनी क्न चा न केला, आपण ज्ञ चा द्न्य केला, आणि बोलीत ‘जाण’ ठेवली.

कॅनही त्याच घरातला. कनिंग म्हणजे आधी ‘जाणकार’, मग धूर्त. अनकूथ म्हणजे ‘अपरिचित’, मग विचित्र, मग असभ्य. अनोळखी माणूस तो अडाणीच, हा समज जगभर सारखाच म्हणायचा.

दस्तऐवज

तांबडी माती, म्हणून तर मुखत्यारपत्राच्या सुरुवातीला ‘नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स’ येतं आणि शेवटी ‘इन विटनेस व्हेअरऑफ’. वर ज्ञा, खाली विद्. प्रेझेंट्स म्हणजे भेटवस्तू नव्हेत, ‘हा समोरचा कागद’. हे सांगावं लागतं, लोक विचारतात.

म्युनिकर

मेलं का यावर माझे दोन पैसे. जर्मन, डच, स्वीडिश, आइसलँडिक, सगळ्यांत हे क्रियापद टिकलं. रशियनमध्ये वेदात् आहे, चेकमध्ये व्ह्येद्येत रोजच्या वापरात. फक्त इंग्रजीतच का गेलं? मला वाटतं फ्रेंच राज्यकर्त्यांमुळे.

काटेकोर

फ्रेंचमुळे म्हणाल तर त्याची जागा फ्रेंच शब्दाने घेतली असती. घेतली ‘नो’ने, जो अस्सल देशी. उलट फ्रेंचमध्ये ‘साव्हार’ आणि ‘कोनेत्र’ असा माहीत असणं आणि ओळखणं यांत भेद आजही आहे, त्यामुळे फ्रेंच येणाऱ्यांनी तो इंग्रजीत सांभाळायला मदतच केली असती.

माझा संशय रूपांवर. मध्य इंग्रजीत एकाच वेळी विटे, वेटे, वॉट, वुट, विस्ट अशी रूपं चालू होती, आणि शेजारी ‘दोष देणे’ अर्थाचं दुसरं विटे होतं. नो–न्यू–नोन त्यामानाने सरळ. शिवाय कॅन, मे, शॅल हे गटातले सोबती सगळे सहाय्यक क्रियापदं झाले. त्या गटात राहून पुऱ्या अर्थाचं, कर्म घेणारं क्रियापद म्हणून उभं राहणारं विट एकटंच उरलं. डेअर अजून अर्धवट टिकलंय (धृष्ट मधला धृष्), पण त्यालाही आता एस लागतो : ‘ही डेअर्स’.

रानजाई

एकटं पडल्याचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त पटतो. रूपांच्या गोंधळाचा कमी. ‘टु बी’ची रूपं याहून वेडीवाकडी आहेत आणि ते कुठे मेलंय?

संकासुर

शेवटचा प्रश्न, मग मी झोपतो. ते ‘दोष देणारं’ दुसरं विटे कोण? आणि ट्विट?

काटेकोर

चिमणीचा ट्वीट हा आवाजाचा शब्द, तो सोडा. पण टोमणा मारणे या अर्थाचं ट्विट आहे ते त्या दुसऱ्या विटेचंच. जुन्या इंग्रजीत दीर्घ ई चं वीटन म्हणजे दोष देणे, त्याला ‘एट’ उपसर्ग लागून एटवीटन, म्हणजे तोंडावर दोष देणे. सुरुवातीचा स्वर गळाला आणि उपसर्गातला ट तेवढा शब्दाला चिकटून राहिला : ट्विट. वीटनसुद्धा मूळच्या ‘पाहणे’ मधूनच आलेलं मानतात. नजर ठेवणे, मग चूक पाहणे, मग ती बोलून दाखवणे. म्हणजे संकासुर, तुम्ही पहिल्या प्रतिसादापासून जे करताय ते.